चिऊच्या क्रुसाची राख

बुधवारी सकाळी पावणेसात वाजता मुकादमीणबाईच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटला. ती राख कशाची होती, ते तिला साडेसातला कळलं.

मधल्या वेळात विशेष काही घडलं नव्हतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणून चर्चमध्ये राखेच्या बुधवारची मिस्सा, म्हणजे उपासना, होती. लोक रांगेने पुढे जात होते. फादर वाटीत अंगठा बुडवून एकेकाच्या कपाळावर रेघा ओढत होते आणि माणूस मातीचा आहे, हे हळू आवाजात सांगत होते. मुकादमीण रांगेत उभी राहिली, कपाळ पुढे केलं आणि जागेवर येऊन बसली. लेक चिऊ गेल्यापासून ती चर्चमध्ये हे असंच करत आली होती. उठायच्या वेळी उठायचं, बसायच्या वेळी बसायचं, प्रार्थनेला ओठ हलवायचे. मनात एक शब्द नाही. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या घरी चारचौघांसाठी जावं लागतं, तशी ती देवाच्या घरी जायची.

डबा घ्यायला ती घरी आली. दारासमोरच्या भिंतीवर येशूची तसबीर होती. तसबिरीमागे खोचलेला झावळीचा क्रूस तिथे नव्हता.

तो क्रूस चिऊने केला होता. मागच्या वर्षी, ईस्टरच्या आधल्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या पानाचा, मिस्सा चालू असतानाच, बाकावर मान खाली घालून. घडी कुठेतरी चुकली आणि क्रुसाचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला. आईने डोळे वटारले तेव्हा चिऊ कानात म्हणाली होती, "असू दे ना. याला वरच्या फळीवरचा डबा काढता येईल." पुढे काही महिन्यांनी ताप डोक्यात गेला आणि चिऊ गेली. अकरा वर्षांची होती.

"इथला क्रूस कुठाय?" मुकादमिणीने विचारलं.

नवरा दाढी करत होता. तो एका कारखान्यात लेथवर काम करायचा. माणूस मुळातच कमी बोलणारा.

"काल धाकटी येऊन गेली ना," तो आरशात बघत म्हणाला. "जुन्या झावळ्या गोळा करायला."

"आणि तुम्ही?"

"मी आंघोळीला होतो. दार उघडंच होतं."

आशीर्वाद दिलेली झावळी कचऱ्यात टाकत नाहीत. ती वर्षभर घरात ठेवतात आणि उपवासकाळाच्या तोंडावर चर्चला परत करतात. तिथे सगळ्या घरांच्या झावळ्या एकत्र जाळतात आणि तीच राख बुधवारी सगळ्यांच्या कपाळी लावतात. जे आणून देत नाहीत त्यांच्या दारी वेदीची सजावट बघणाऱ्या बायका पिशवी घेऊन जातात. या गल्लीची पिशवी यंदा धाकटीकडे होती. धाकटी म्हणजे मुकादमिणीची जाऊ, दिराची बायको. मंगळवारी सकाळी मुकादमीण कामावर गेल्यावर ती आली असणार, आणि दुपारी चर्चच्या मागे पत्र्याच्या डब्यात जाळ झाला असणार. मंगळवारी मुकादमिणीची जादा पाळी होती. रात्री येऊन ती भिंतीकडे न बघता झोपली होती.

तिने हात कपाळाकडे नेला आणि मधेच थांबवला.

ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मुकादम होती. तिच्या हाताखाली आठ बायका, चार धुण्याची यंत्रं आणि चादरी कोरड्या करणारा वाफेचा एक लांबलचक रोलर. तिथे थंडीतसुद्धा घामाच्या धारा लागतात. त्या दिवशी ती रोलरपासून शक्य तितकी लांब उभी राहिली. पदराने मान पुसली, गळा पुसला, कपाळाला हात लावला नाही.

"ओ मुकादमबाई," रोलरवरची बाई ओरडली. तिला सगळे लाऊडस्पीकर म्हणायचे. "कपाळाला काजळी लागलीय की! पुसू का?"

"हात लावून बघ. मोडून देईन."

"अगंबाई! देवाधर्माचं दिसतंय," लाऊडस्पीकर बाकीच्यांना म्हणाली. "मग तर आज शिव्या कमी मिळायला पाहिजेत."

कोणी हसलं. मुकादमिणीने हसणारीला डाग काढायच्या टबावर पाठवलं.

जेवणाच्या सुट्टीत नळावरच्या आरशात तिने पाहिलं. राख भुवईत उतरली होती, तिथून गालावर, आणि तिथून कुठेच नाही. कपाळ स्वच्छ होतं. इतक्या वर्षांत तिच्या हातून लाखो डाग निघाले असतील, पण हा तिने काढला नव्हता. आपोआप गेला होता. तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा.

संध्याकाळी ती घरी न जाता धाकटीच्या दारात उभी राहिली.

"तू माझ्या घरातून क्रूस नेलास?"

धाकटीच्या हातात पिठाचं भांडं होतं. मागे तिची दोन्ही पोरं अभ्यासाला बसली होती. धाकटीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हो ताई. गेला खरा. माझ्या लक्षात नाही आलं."

"लक्षात नाही आलं? लांब हाताचा क्रूस सगळ्या गल्लीत एकच होता. चिऊचा. तुझ्या मांडीवर वाढलेल्या चिऊचा!"

"ताई, आत या ना. बसून बोलू."

"बसून काय बोलू? आज सगळ्या चर्चच्या कपाळावर माझी पोर होती. तो भाजीवाला, ती चहाडखोर शिक्षिका, ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही अशी माणसं. सगळ्यांनी घरी जाऊन तोंड धुतलं असेल. माझी पोर मोरीतून वाहून गेली."

धाकटी गप्प राहिली. ते गप्प राहणं मुकादमिणीला सहन झालं नाही. ती पोरांकडे बोट करून म्हणाली, "ही दोघं आहेत ना धडधाकट? तुला कसं कळणार! यांचं काही असंच जळताना बघशील ना, तेव्हा कळेल तुला."

धाकटीच्या हातातलं भांडं खाली आलं. तिने दार लावलं नाही, ओरडलीही नाही. पोरांना मात्र आतल्या खोलीत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मुकादमीण फादरांकडे गेली. फादर वयाने तिच्याहून लहान, नुकतेच बदलून आलेले. त्यांना उपवासकाळावर बोलायला आवडायचं. तिचं सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, या दिवसांत आपण देवासाठी काहीतरी सोडत असतो. कदाचित तुमच्याकडून..."

"मी पोर सोडलीय, फादर. अजून काय सोडू ते सांगा, तेही सोडते."

फादरांचं पुढचं वाक्य राहून गेलं.

"उरलेली राख कुठाय?" तिने विचारलं.

"आहे वाटीत. वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात. नंतर मातीत मिसळतो."

"मला द्या."

"अहो, ती अख्ख्या धर्मग्रामाच्या झावळ्यांची राख आहे. त्यातली तुमची कुठली, कसं ओळखणार?"

"त्यातली माझी कुठली नाही, ते तुम्ही सांगा."

फादरांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, एकाला दिली की उद्या दुसरा मागेल; आशीर्वादाची वस्तू आहे; विचार करून सांगतो.

"उद्या येते," ती म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी गेली. फादर एका आजाऱ्याकडे गेले होते. चर्च रिकामं दिसत होतं. ती सगळ्यात पुढच्या बाकावर बसली. वेदीच्या वर मोठा क्रूस होता आणि त्यावरचा तो, मान एका बाजूला टाकलेला.

"तू काय बघतोस?" ती म्हणाली.

आवाज घुमला तशी ती स्वतःच दचकली. चिऊ गेल्यापासून देवाला उद्देशून तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता. एक निघाल्यावर बाकीचे थांबेनात.

"आधी पोर नेलीस. मग ती ज्या चादरीवर गेली ती चादर नेलीस. माझ्याच धुलाईखान्यात आली त्या दिवशी, माझ्याच हाताखालून गेली, आणि शंभर चादरींतली ती कुठली ते मला कळलं नाही. आता हा एवढासा क्रूस. तोही सगळ्यांत मिसळून टाकलास. तुला माझं काही वेगळं ठेवताच येत नाही का रे?"

तो काही बोलला नाही. फादरही आले नाहीत. ती संतापून घरी गेली आणि बऱ्याच महिन्यांनी सकाळपर्यंत सलग झोपली.

त्यानंतर तिचा तो परिपाठच झाला. पाळी सुटली की चर्च. आधी फादरांना विचारायचं, "राख?" फादर म्हणायचे, "विचार करतोय." मग पुढच्या बाकावर बसून वरच्याशी भांडायचं. कामावर असताना तिला नवे मुद्दे सुचायचे. अभ्र्यांचे गठ्ठे मोजता मोजता ती मनात म्हणायची, हे आज त्याला ऐकवायचं. शिफ्ट संपायच्या आधी घड्याळाकडे बघायची. लाऊडस्पीकरच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"कुठे एवढी घाई? कोणी भेटलाय की काय?"

"भेटलाय."

"बोलतो का गोड?"

"बोलतच नाही मेला. सगळं मलाच बोलावं लागतं."

"मग नवराच आहे की तो," लाऊडस्पीकर म्हणाली, आणि अख्ख्या धुलाईखान्यात हशा पिकला.

चर्चमध्ये येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटलं, बाईला उपवासकाळ चांगलाच लागू पडलाय. एकीने तर तिचा हात धरून सांगितलं, "माझ्यासाठीही थोडी प्रार्थना करत जा गं." मुकादमिणीच्या तोंडी आलेलं उत्तर तिने गिळलं. कारण नेमकं त्याच दिवशी ती त्याला म्हणाली होती, "तुझा मुलगा तिसऱ्या दिवशी तुला परत मिळाला. तीन दिवस! तेवढं तर मीही थांबले असते. मला वेड्यासारखं वाटलंही होतं, थांबून बघावं. तू मला सांग, तिसऱ्या दिवसानंतर काय करायचं असतं? ते तुला माहीत नाही. ते फक्त मला माहीत आहे."

बोलून झाल्यावर ती बराच वेळ बसून राहिली. त्या दिवशी तिला तिथून उठावंसं वाटलं नाही.

ईस्टरला दोन आठवडे राहिले की चर्चमधले क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. मुकादमिणीच्या हे ध्यानातच नव्हतं. शनिवारी ती आली तर वेदीजवळ शिडीचा घोडा उभा होता, घोड्यावर धाकटी होती, दातांत टाचण्या, आणि वरचा क्रूस कमरेपर्यंत झाकून झाला होता. त्या बुधवारच्या संध्याकाळनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"काढ ते," मुकादमीण म्हणाली.

धाकटीने टाचण्या हातात घेतल्या. "नियम आहे, ताई."

"माझं बोलणं अर्धं राहिलंय त्याच्याशी. काढ."

"कापडाआडून बोला. ऐकू येतं त्याला."

"तू मला शिकवू नकोस! माझा क्रूस जाळलास, आता हा झाकतेस. तुला काय, दिसलं की उचल आणि..."

"मी नाही उचलला!"

धाकटी घोड्यावरूनच ओरडली. मग एकेक पायरी उतरून खाली आली.

"बास झालं, ताई. इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसले. मी नाही उचलला, मला दिला. भाऊजींनी दिला. तसबीर स्वतः खाली काढली, क्रूस काढला, रुमालाने पुसला आणि माझ्या पिशवीत टाकला. मी म्हटलं, भाऊजी, हा चिऊचा आहे. तर म्हणाले, माहीत आहे. रोज दाढी करताना आरशात मागे दिसतो, म्हणाले, हात चालत नाही. आणि म्हणाले, तिला सांगू नकोस."

मुकादमिणीने वर अर्धवट झाकलेल्या क्रुसाकडे पाहिलं.

"मला वाटलं, ते स्वतःच सांगतील," धाकटी म्हणाली. "आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही माझ्या पोरांना बोललात तरी मी गप्प बसले." तिने हातातल्या टाचण्या सावरल्या आणि पुन्हा घोड्यावर चढली. वर चढून म्हणाली, "आता जा. मला हे पुरं करायचंय."

नवरा घरात खुर्चीवर बसून बूट काढत होता. एक निघाला होता, एक पायात होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती त्याला कधी एकेरीत बोलली नव्हती.

"अरे, आंघोळीला होतास ना तू?"

त्याने वर पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

"दर वर्षीच्या झावळ्या दर वर्षी जाळतातच," तो म्हणाला. "नियमाने गेली ती झावळी."

"नियम मला सांगू नकोस. आज सगळे मला नियमच सांगतायत. मला विचारलं का नाहीस?"

"कधी विचारणार? तू घरात बोलतेस कुठे?" त्याचा आवाज चढला. त्याचा आवाज चढलेला तिने क्वचितच ऐकला होता. "जेवायला चला, दिवा घालवा, एवढंच बोलतेस. तुला तो क्रूस बघून ती आहे असं वाटायचं. मला तो बघून ती रोज नव्याने जायची. रोज सकाळी, तोंडाला साबण लावलेला असताना. देवाशी मात्र तासतासभर बोलतेस. चादरीचं मला माहीत होतं का? ते मला तिथे कळलं."

"तिथे म्हणजे?"

निघालेला बूट सरळ करत तो म्हणाला, "मी यायचो. मागे, दाराजवळ उभा असायचो. तू उठायच्या आधी निघायचो."

तिला वाटलं होतं राग याहून वर जाणार नाही. पण तो आणखी वर गेला.

"म्हणजे तू ऐकत होतास! मी धाकटीला तिथे काय काय म्हणत होते, तेही ऐकलंस. आणि ती बिचारी तुझ्या पायी शिव्या खात होती, आणि तू मूग गिळून दारात उभा!"

"हो," नवरा म्हणाला. तो दुसरा बूट काढायला वाकला, पण नाडी त्याला सुटेना.

ती तशीच उलटपावली धाकटीकडे गेली. धाकटी घरी परतली होती. तिने दार अर्धंच उघडलं.

"चुकलं माझं," मुकादमीण म्हणाली. "खोटा आळ घेतला तुझ्यावर."

"आळाचं काही नाही, ताई. आळ मी विसरले असते." धाकटीचा एक हात दाराच्या कडीवर होता. "पण तुम्ही माझ्या पोरांचं जळताना बघशील म्हणालात. माझी लहानगी झोपेत खोकली तरी मी उठून बसते आता. तुमचा शब्द माझ्या घरात राहिलाय. तो कसा काढू?"

"मला माफ कर."

"उपवासकाळ आहे म्हणून?" धाकटीने मान हलवली. "नाही करत. करावंसं वाटेल तेव्हा करीन. खोटं कशाला सांगू?"

दार लागलं. आत कोणीतरी लहान आवाजात विचारलं, "मोठी आई होती?" आणि उत्तर ऐकू आलं नाही.

त्यानंतरही मुकादमीण चर्चमध्ये जात राहिली. वर आता जांभळं कापड होतं. त्याआड तोंड कुठे असेल याचा अंदाज घेऊन ती बोलायची. राग गेला नव्हता. नवऱ्यावरचा तर ताजा होता. घरात ती त्याचं ताट वाढायची आणि शब्द न बोलता उठायची. पण आता तक्रार करायला बसली की गोष्ट फिरून धाकटीच्या दाराशी यायची आणि ती मधेच अडायची. एकदा ती नुसतीच म्हणाली, "तो माझा शब्द तिच्या घरातून काढ. मला येत नाही." आणि मग रागाने, "हे तरी कर. एवढं तरी." पुष्कळ दिवसांत तिने देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागितल्याचा तिला थोडा संतापच आला.

नवरा आता दाराजवळ उभा राहत नव्हता. मागच्या बाकावर बसायचा. उघडपणे. ती वळून बघायची नाही.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "राख?"

फादर आत गेले आणि मलमाची एक रिकामी, स्वच्छ धुतलेली डबी घेऊन आले. झाकण घट्ट लावलेलं होतं.

"सगळी आहे," ते म्हणाले. "वाटी पुसून घेतली. विचार करायला वेळ लागला, त्याबद्दल क्षमा करा. मला आधीच द्यायला हवी होती." मग त्यांनी विचारलं, "नेऊन काय करणार?"

इतके दिवस फक्त मागायचं होतं. मिळाल्यावरचा विचार तिने केला नव्हता. डबीला जवळजवळ वजनच नव्हतं. तिने ती पर्समध्ये ठेवली. घरी नेली, पण तसबिरीमागे ठेवली नाही. ती पर्समध्येच राहिली.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता, प्रभूच्या मरणाच्या वेळेला, चर्च भरलं. फादरांनी झाकलेला एक लहान क्रूस वर उचलून धरला आणि कापड टप्प्याटप्प्याने सोडलं. आधी वरचं टोक, मग एक हात, मग सगळं. लोक क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेने पुढे जाऊ लागले. मुकादमीण पुढच्याच बाकावर होती, तरी ती बसून राहिली. बाकामागून बाक रिकामे झाले. धाकटी दोन्ही पोरांना घेऊन रांगेत शिरली तेव्हा मुकादमीण उठली आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्यामागे कोणीतरी येऊन थांबलं. साबणाच्या वासावरून तिला कळलं, नवरा आहे. तिने त्याला जागा दिली नाही, अडवलंही नाही.

धाकटीच्या लहान पोरीने मागे वळून पाहिलं. "आई, मोठी आई," ती कुजबुजली.

रांग पुढे सरकत होती. मुकादमिणीचा हात पर्समध्ये होता आणि हातात डबी होती; ती क्रुसापाशी ठेवायची की परत न्यायची, ते ठरलं नव्हतं. धाकटीने पोरीचं डोकं हळूच पुढे वळवलं. स्वतः तिने मात्र अजून मागे वळून पाहिलं नव्हतं.